डीटीपीच्या जुन्या फ्लॉप्यांच्या मोठ्या संग्रहाची सूची कशी करावी?

मुगभाट

नमस्कार. माझ्या काकांचा गिरगावात डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पाने जुळवून छपाईसाठी तयार करण्याचा, व्यवसाय होता. १९८९च्या सुमारास त्यांनी पहिला संगणक घेतला आणि पुढे बरीच वर्षे दिवाळी अंक, कवितासंग्रह, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल आणि असंख्य लग्नपत्रिका त्यांच्या टेबलावरून छापखान्यात गेल्या. आमची चाळ आता पुनर्विकासाला जात असल्यामुळे पोटमाळा रिकामा करावा लागला, आणि त्यात दीड ते दोन हजार फ्लॉप्या (माहिती साठवायच्या जुन्या चुंबकीय चकत्या) निघाल्या. बहुतेक साडेतीन इंची आहेत, सुमारे एक तृतीयांश सव्वापाच इंची आहेत. काही कुलपाच्या प्लॅस्टिक पेट्यांत नीट लावलेल्या आहेत, काही बुटांच्या खोक्यांत आहेत, तर काहींच्या गड्ड्या रबरबँडने बांधलेल्या असून ते रबर आता लेबलांना चिकटले आहे.

मी एक्सेलमध्ये सूची करायला बसलो आणि पहिल्याच रकान्यापाशी अडलो. विभागणी विषयानुसार करावी, वर्षानुसार करावी की ग्राहकानुसार, हे ठरत नाही. लेबलांवर ‘दि. अं. पाने ८ ते ४०’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘चालू’, ‘रिकामी’ अशा नोंदी आहेत आणि कित्येकांवर काहीच नाही. काका ऐंशीच्या घरात आहेत. दृष्टी अधू झाली असली तरी स्मरण पक्के आहे. माझ्याकडे लॅपटॉप आणि यूएसबीला जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह आहे. सूची करतानाच प्रत्येक फ्लॉपी वाचून घ्यावी, की आधी सूची पूर्ण करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दाखलनोंद

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. फ्लॉपीचे तांत्रिक अंग इतरांनी सांगावे. मी सूचीपुरते बोलतो.

आपण विभागणीचा विचार सध्या पूर्णपणे बाजूला ठेवावा. ग्रंथालयात पुस्तक आले की आधी त्याला दाखल क्रमांक मिळतो आणि वर्गीकरण त्यानंतर होते, कारण वर्गीकरण बदलू शकते, दाखल क्रमांक बदलत नाही. आपल्या संग्रहात तर हे अधिकच लागू आहे, कारण आत काय आहे हे न पाहताच आपण विषय ठरवू पाहत आहात. ‘फ-०००१’पासून सलग क्रमांक द्यावेत. त्या क्रमांकात वर्ष, आकार किंवा ग्राहकाचे नाव गुंफण्याचा मोह टाळावा; १९९३ म्हणून नोंदवलेल्या फ्लॉपीत १९९६चा अंक निघाला की अशा अर्थपूर्ण क्रमांकांचा सगळा डोलारा कोसळतो.

क्रमांक देण्यापूर्वी पेट्यांना हात लावू नये, म्हणजे त्यांतील क्रम बदलू नये. पोटमाळ्यावर कोणती पेटी कुठे होती, त्या पेटीत कोणत्या फ्लॉपीमागे कोणती होती आणि कोणत्या गड्डीला एकच रबरबँड होता, ही माहिती कोणत्याही लेबलावर लिहिलेली नसते, पण कोरी फ्लॉपी कोणत्या कामाची आहे हे ठरवायला पुष्कळदा तेवढाच आधार उरतो. म्हणून प्रत्येक पेटीचा उघडल्याबरोबर वरून एक फोटो घ्यावा, पेटीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि सूचीत पेटी व पेटीतील स्थान असे दोन रकाने ठेवावेत. सगळ्या सव्वापाच इंची एकीकडे आणि साडेतीन इंची दुसरीकडे अशी नीटनेटकी मांडणी करायला कोणीतरी उत्साही नातेवाईक पुढे येईलच; त्याला चहा पाजून थांबवावे.

लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा. ‘दि. अं.’ असेल तर ‘दि. अं.’ असेच लिहावे, ‘दिवाळी अंक’ असे विस्तारून लिहू नये; खोडलेले असेल तर खोडलेले आहे असे नोंदवावे. एकाच फ्लॉपीवर एकावर एक तीन लेबले चिकटवलेली आढळतील, कारण फ्लॉपी त्या काळी पुन्हा पुन्हा वापरली जात असे आणि नवे लेबल जुन्यावरच बसवले जाई. वरचे लेबल सोलून खालचे पाहू नये. उजेडात तिरपे धरून जेवढे वाचता येईल तेवढेच टिपावे. लेबलावर काय लिहिले आहे आणि आत काय सापडले हे दोन वेगळे पुरावे आहेत, त्यांचे रकाने वेगळे असावेत आणि एकावरून दुसरा कधीही दुरुस्त करू नये. ‘रिकामी’ लिहिलेल्या फ्लॉपीला मी तर सर्वात आधी क्रमांक देईन.

दाखल क्रमांक सव्वापाच इंची फ्लॉपीच्या अंगावर बॉलपेनने लिहू नये. टोकाचा दाब आतल्या चकतीपर्यंत पोहोचतो. क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मग ती चिकटवावी, किंवा कागदी पाकिटावर लिहावा. मात्र पाकिटे अदलाबदल होतात हे ध्यानात ठेवावे. काकांचे स्मरण पक्के आहे हे आपले भाग्य आहे. लेबलांचे फोटो टीव्हीवर मोठे करून दाखवावेत आणि ते जे सांगतील ते ‘काकांचे म्हणणे’ या स्वतंत्र रकान्यात तारखेसह लिहावे. वाचन पुढच्या वर्षी झाले तरी चालेल. हा रकाना थांबू शकत नाही.

चुंबक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आता यंत्राकडे वळू.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्यावर लिहिण्याचा मार्ग बंद करावा. साडेतीन इंचीत कोपऱ्यातील सरकपट्टी सरकवून भोक उघडे केले की लेखन बंद होते. सव्वापाच इंचीत याच्या उलट, कडेची खाच झाकल्यावर लेखन बंद होते. खाच झाकायला अपारदर्शक पट्टीच वापरावी, कारण काही ड्राइव्ह प्रकाशाच्या साहाय्याने खाच तपासतात आणि पारदर्शक चिकटपट्टी त्यांना दिसतच नाही. ही खबरदारी अनाठायी नाही. विंडोज ९५ आणि तिच्या पुढच्या काही आवृत्त्या फ्लॉपी नुसती उघडून पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे साठवणीच्या पहिल्या कप्प्यात, स्वतःची खूण लिहीत असत. सरकपट्टी मुळात कोणत्या स्थितीत होती हे सूचीत टिपून मगच बदलावी. जी फ्लॉपी काकांनी मुद्दाम बंद करून ठेवली होती ती बहुधा त्यांना महत्त्वाची वाटत होती.

त्याहून आधी बुरशी तपासावी. मुंबईच्या पावसाळ्यांत पोटमाळ्यावर राहिलेल्या संग्रहात ती असणारच असे गृहीत धरावे. साडेतीन इंचीची धातूची झडप बाजूला करून मागचे चाक बोटाने हळूहळू फिरवावे, म्हणजे चकतीचा पूर्ण वर्तुळाकार पट्टा दिसतो. सव्वापाच इंचीत लांबट खिडकीतून तेच करता येते. पांढरे ठिपके, जाळी किंवा वर्तुळाकार चरे दिसल्यास ती फ्लॉपी वेगळी ठेवावी, मात्र तिचे मूळ स्थान सूचीत कायम ठेवावे. बुरशी लागलेली फ्लॉपी केवळ स्वतः वाचली जात नाही एवढ्यावर भागत नाही. ती ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकतीला टेकून वाचणाऱ्या भागाला, घाण लावते आणि ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर चरा ओढते. वाचताना खरखर ऐकू आली तर लगेच थांबून हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. शक्य असल्यास वाचनाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या महिन्यांत करावे, आणि तोपर्यंत पेट्या हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवाव्यात.

आपला यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंची १.४४ एमबी आणि बहुतेक वेळा ७२० केबीच्या फ्लॉप्या वाचेल, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. सव्वापाच इंचीसाठी जुना १.२ एमबीचा ड्राइव्ह मिळवावा लागेल. लॅमिंग्टन रोडवर किंवा जुने संगणक मोडणाऱ्यांकडे चौकशी करावी. तो ड्राइव्ह ३६० केबीच्या फ्लॉप्याही वाचू शकतो, पण त्याने त्यांच्यावर लिहू नये, कारण त्याचे हेड अरुंद असते आणि चकतीवरील जुन्या रुंद मार्गिकेत (माहितीच्या वर्तुळाकार पट्ट्यात) अरुंद नवी रेघ ओढली गेली की मूळ ड्राइव्हचा गोंधळ उडतो. ड्राइव्ह लॅपटॉपला जोडण्यासाठी ग्रीझवीझल नावाचे छोटे मुक्त रचनेचे बोर्ड वापरतात. ते सेक्टर न वाचता चकतीवरील चुंबकीय बदलांची वेळच नोंदवते, त्यामुळे वेगळ्या धाटणीने फॉरमॅट केलेल्या फ्लॉप्याही हाती लागतात. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ अशा दोन्ही व्होल्टांचा पुरवठा लागतो हे विसरू नये.

फाइली ओढून कॉपी करू नयेत, संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरील प्रत्येक बाइटची एकाच फाइलीतली हुबेहूब नक्कल, घ्यावी. डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीत फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलते आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच असतो. ‘रिकामी’ फ्लॉपीतून जुना अंक निघतो तो याच कारणाने, आणि साध्या कॉपीत तो येत नाही. प्रतिमेचा आकार हीच पहिली तपासणी मानावी. साडेतीन इंची १.४४ एमबीच्या फ्लॉपीला ८० मार्गिका, दोन बाजू, प्रत्येक मार्गिकेत १८ सेक्टर आणि सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट व्हायलाच हवेत. ७२० केबीसाठी ७,३७,२८०, १.२ एमबीसाठी १२,२८,८०० आणि ३६० केबीसाठी ३,६८,६४० बाइट. आकार कमी भरला तर वाचन अर्धवट राहिले आहे. सगळ्या दोन हजार फ्लॉप्यांच्या प्रतिमा मिळून ३ जीबीच्या आत बसतील, तेव्हा जागेची काटकसर करण्याचे कारण नाही.

खराब सेक्टर आल्यास लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरावे. ते कोणते सेक्टर वाचले आणि कोणते राहिले याचा नकाशा ठेवते, आणि तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले तेवढेच वाचता येतात. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसऱ्याला अनेकदा जमतात, कारण हेडची जुळणी प्रत्येकाची किंचित वेगळी असते. सूचीत त्यासाठी वाचल्याची तारीख, वापरलेला ड्राइव्ह, न वाचलेल्या सेक्टरांची संख्या आणि प्रतिमेचा एसएचए-२५६ (फाइलीतील बाइटांवरून काढलेला तिचा ओळख-ठसा) असे रकाने धरावेत.

एक गंमतही सांगून ठेवतो. साडेतीन इंची फ्लॉपीला दुसरे चौकोनी भोक असले की ती १.४४ एमबीची समजावी असा संकेत आहे, परंतु एके काळी ७२० केबीच्या स्वस्त फ्लॉपीला भोक पाडून ती दुप्पट वापरण्याची युक्ती प्रचलित होती. भोक गुळगुळीत नसून खरवडलेले दिसले तर तसे सूचीत लिहावे आणि ती आधी वाचावी. अशा फ्लॉपीचा भरवसा कमी असतो. उलट, १.४४ची फ्लॉपी ७२०ने फॉरमॅट केलेली असेल, तर भोक झाकल्यावर ती वाचली जाते.

अक्षरजुळणी

मी त्याच काळात दादरला डीटीपी करत होतो, म्हणून प्रतिमा घेतल्यानंतर काय दिसेल ते सांगतो.

व्हेंच्युरा पब्लिशर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले काम असेल तर एक फ्लॉपी म्हणजे एक काम असे समजू नये. व्हेंच्युराची प्रकरणाची फाइल मजकूर स्वतःत ठेवत नसे. मजकूर कुठल्या फाइलीत, शैली कुठल्या फाइलीत आणि चित्र कुठल्या फाइलीत एवढेच ती सांगत असे, आणि या फाइली वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर विखुरलेल्या असत. म्हणून रबरबँडच्या गड्डीची जी नोंद वर सुचवली आहे, ती या कामात अतिशय मोलाची ठरेल. पेजमेकर या तशाच सॉफ्टवेअरची फाइल त्यामानाने स्वयंपूर्ण असते, पण मोठी चित्रे तिच्याही बाहेर असू शकतात.

‘बॅकअप’ लिहिलेल्या फ्लॉप्या पाहून निराश होऊ नये. डॉसच्या बॅकअप आदेशाने केलेल्या संचात प्रत्येक फ्लॉपीवर ‘बॅकअप’ आणि ‘कंट्रोल’ नावाच्या दोनच फाइली दिसतात आणि त्यांच्या शेपटाला ००१, ००२ असा अनुक्रम असतो. संच पूर्ण असला तरच तो नीट उलगडता येतो. एआरजे या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरने अनेक फ्लॉप्यांवर तोडलेल्या फाइलींचेही तसेच. सूचीत ‘संच’ असा रकाना ठेवून त्यात अनुक्रम लिहावा, म्हणजे कोणता दुवा गहाळ आहे ते लगेच कळेल आणि तो दुसऱ्या खोक्यात शोधता येईल.

खरी कसोटी मराठी मजकुराची आहे. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतापूर्वीचा मजकूर साधारण दोन प्रकारचा सापडेल. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डावर) किंवा तत्सम प्रणालीत टंकलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असेल. त्यात उच्चारक्रमाने अक्षरे साठवलेली असतात, म्हणून तो युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे जाते. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतला मजकूर मात्र अक्षराच्या तुकड्यांच्या, म्हणजे काना, वेलांटी, अर्धे अक्षर यांच्या आकारांच्या क्रमाने साठवलेला असतो आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी असते. नोटपॅडमध्ये उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिडा दिसला तर फाइल खराब आहे असे ठरवून टाकू नये. ती बहुधा पूर्णपणे शाबूत असते, फक्त तिचा फाँट जवळ नसतो.

यावरून माझी सूचना अशी की फाँटच्या फ्लॉप्यांना प्राधान्य द्यावे. त्या संग्रहातील सर्वात कंटाळवाण्या फ्लॉप्या वाटतील, पण त्या गेल्या तर बाकीचा संग्रह कोणत्या किल्लीने उघडायचा हे कळणार नाही. त्यासोबत कळफलकाच्या मांडणीचे छापील कागद, फाँटच्या पुस्तिका आणि सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून संगणकाच्या समांतर (प्रिंटरच्या) पोर्टला लावायचे छोटे उपकरण सापडले तर त्यांनाही याच सूचीत क्रमांक द्यावा. काकांना कोणत्या वर्षी कोणते फाँट वापरात होते एवढे विचारले, तरी रूपांतराचे निम्मे काम होईल.

फाइलींच्या तारखांबद्दल सावध राहावे. संगणकाच्या आतील घड्याळाची बॅटरी संपली की डॉसचे यंत्र १ जानेवारी १९८०पासून सुरुवात करी आणि त्या दिवशी साठवलेल्या प्रत्येक फाइलीवर तीच तारीख पडे. अशी तारीख दिसली तर ती ‘अज्ञात’ समजावी. अन्यथा ‘फायनल’ आणि ‘फायनल २’ यांतला खरा अखेरचा कोणता, हे लेबलापेक्षा फाइलीची वेळच अधिक प्रामाणिकपणे सांगते.

मुगभाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेट्यांचे फोटो घेऊन झाले आहेत आणि क्रमांक देणे सुरू केले आहे. दोन शंका उरतात. चाचणी म्हणून घेतलेल्या एका प्रतिमेवर अँटिव्हायरसने जोशी नावाच्या व्हायरसचा इशारा दिला आणि प्रतिमा पुसून टाकण्याची परवानगी मागितली. दुसरी शंका अशी की संग्रहात अप्रकाशित हस्तलिखिते, पतपेढीच्या सभासदांच्या याद्या आणि लोकांच्या लग्नपत्रिका आहेत. हे सगळे जपण्याचा आणि कोणाला दाखवण्याचा मला अधिकार आहे का?

चुंबक

परवानगी देऊ नये. जोशी हा १९९० साली भारतात आढळलेला बूट सेक्टरचा, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या सेक्टरमध्ये बसणारा, व्हायरस आहे. ५ जानेवारीला तो संगणक अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकायला सांगत असे, आणि तसे टंकल्याशिवाय पुढे सरकत नसे. तो फ्लॉपीवरून संगणक सुरू केला तरच जागा होतो. प्रतिमेत तो निव्वळ बाइटांच्या स्वरूपात पडून असतो आणि आजच्या लॅपटॉपला त्याच्यापासून धोका नाही. प्रतिमांचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावे आणि सूचीत ‘बूट सेक्टरमध्ये जोशी’ अशी नोंद करावी. कोणकोणत्या फ्लॉप्यांवर तो आहे यावरून त्या काळात कोणत्या फ्लॉप्या एकाच यंत्रातून फिरल्या हे कळते, आणि लेबल नसलेल्या फ्लॉप्यांची वर्षे ठरवायला त्याचा उपयोग होतो. प्रतिमेतून वेगळ्या काढलेल्या फाइली मात्र उघडण्यापूर्वी तपासून घ्याव्यात.

प्रती ओळखण्याबाबतही सांगतो. एकाच कामाच्या दोन फ्लॉप्यांच्या प्रतिमांचे एसएचए-२५६ सहसा जुळणार नाहीत, कारण रिकाम्या जागेतील उरलेसुरले बाइट वेगळे असतात. तुलना आतील एकेका फाइलीच्या एसएचए-२५६ची करावी. प्रत सापडली म्हणून दुसरी काढून टाकू नये. एकीचा खराब सेक्टर दुसरीतून भरून काढता येतो.

दाखलनोंद

अधिकारांबाबत माझी समजूत अशी आहे. फ्लॉपी काकांच्या मालकीची असली तरी तिच्यातील कवितेचा वा कथेचा हक्क लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जुळणी करणाऱ्याकडे तो येत नाही. म्हणून हस्तलिखित इंटरनेटवर चढवू नये, पण ते आहे ही नोंद ठेवण्यात काही गैर नाही. लेखकाचे कुटुंब किंवा प्रकाशक शोधून त्यांना कळवावे, कित्येकांना आपल्या घरातील शेवटची प्रत कुठे गेली हेच ठाऊक नसते. पतपेढीच्या याद्या आणि पत्रिका यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील माणसांनी ती माहिती एका कामापुरती दिली होती, तेव्हा ‘कोणाला दाखवावे’ असा रकाना करून तिथे ‘कोणालाही नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या प्रतिमा वेगळ्या, सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्कवर ठेवाव्यात. पुसलेल्या फाइलीही प्रतिमेत येत असल्याने, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या स्मरणिकेच्या फ्लॉपीतही अशी यादी दडलेली असू शकते. संपूर्ण प्रतिमा बाहेर देण्यापेक्षा मागणाऱ्याला हवी ती फाइल तेवढी द्यावी.

सूची एक्सेलमध्ये करत असाल तर अधूनमधून ती साध्या मजकुराच्या स्वरूपात, स्वल्पविरामांनी विभागलेले रकाने ठेवून, युनिकोडमध्ये साठवत जावी आणि तिची एक छापील प्रत पहिल्या पेटीत ठेवावी. पुनर्विकासाच्या काळात पेट्या कुठे हलवणार आहात तेही सूचीत लिहावे. संक्रमण शिबिरात तळमजल्यावरची खोली मिळाली, तर त्या जमिनीवर ठेवू नयेत.